अंगणातली जावा

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या गावाकडच्या घरात एखादी तरी वस्तू अशी असते की तिचे काय करायचे ते वर्षानुवर्षे ठरत नाही. कुणाकडे आजीचा जाते-पाटा असतो, कुणाकडे न वाजणारी पेटी. आमच्या सांगलीच्या घरात ती वस्तू म्हणजे अण्णांची १९६८ सालची जावा मोटारसायकल. अण्णा गेल्यावर ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली ती राहिलीच. पुढे घर बिल्डरला द्यायचे ठरले आणि एका रविवारी सकाळी इकडे आयसेलिनला चुलत भावाचा फोन आला, "भंगारवाला आलाय. वजनावर न्यायला तयार आहे. देऊन टाकू का?"

आम्ही भावंडांनी एकसुरात "थांब" म्हटले. थांब म्हणायला पैसे पडत नाहीत. पण त्यानंतर जे करावे लागले त्यात पैसे पडले, कागद लागले, आणि जिच्या टाकीवर बसून आमचे बालपण गेले त्या गाडीविषयी आम्हाला काहीच माहिती नव्हती हेही उमगले. मंडळाच्या कार्यक्रमांत चहाच्या टेबलाशी हा विषय निघाला तेव्हा कळले की जावा, येझदी, राजदूत, लॅम्ब्रेटा अशा गाड्या अनेकांच्या अंगणात अशाच उभ्या आहेत. म्हणून आम्ही शोधलेला इतिहास आणि सोसलेला खटाटोप दोन्ही इथे देत आहोत.

जावा हे नाव इंडोनेशियातल्या बेटाचे, अशी आमची लहानपणापासूनची समजूत होती. ती साफ चूक निघाली. प्रागच्या फ्रांटिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि स्वतःच्या नावातला 'जा' व वाँडररमधला 'वा' जोडून जावा हे नाव केले. (चेक भाषेत त्याचा उच्चार यावा असा होतो. सांगलीत तसे म्हटले असते तर कुणी ओळखले नसते.) योगायोग असा की सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूलही १९२९ चाच. या पुलाचा आणि जावाचा संबंध पुढे येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९५४ पासून तिथे अडीचशे सीसीचे जे मॉडेल निघू लागले तेच पुढे आपल्याकडे आले. आणले ते मुंबईच्या इराण्यांनी. रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांचा मुंबईत जावा आयात करून विकण्याचा व्यवसाय होता. पन्नासच्या दशकात सरकारने बाहेरून तयार दुचाकी आणण्यावर बंधने घातली, तेव्हा त्यांनी इथेच बनवायचे ठरवले. म्हैसूरच्या महाराजांनी, जयचामराज वडियार यांनी, पाठबळ दिले आणि म्हैसूरच्या यादवगिरी भागात आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला. १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्या काळचा बाजार आजच्या मुलांना सांगून पटत नाही. मद्रासला १९५५ पासून एनफिल्ड बुलेट होत होती. मुंबईत लॅम्ब्रेटा तयार व्हायची, पुण्याच्या आकुर्डीला बजाज व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवी आणि फरीदाबादहून राजदूत येई. कुठल्या कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकारी परवान्यावर ठरायचे. स्कूटरसाठी तर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे, सत्तरच्या दशकात दहा-दहा वर्षे. त्यातून एक वाट होती आणि ती आपल्यातल्या पहिल्या पिढीला चांगली आठवत असेल. परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर रांग सोडून मिळे. अमेरिकेत नोकरीला लागलेल्या मुलाने पहिल्या वर्षी घरी काय पाठवले, तर भावासाठी स्कूटरचे डॉलर, ही गोष्ट न्यू जर्सीतल्या कितीतरी घरांत ऐकायला मिळते.

स्कूटर ही संसाराची गाडी. पुढे मूल उभे, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरे मूल, पायाशी भाजीची पिशवी, आणि स्टेपनी असल्यामुळे पंक्चर झाले तरी चिंता नाही. जावा घेणारे वेगळे. खेडोपाडी व्हिजिटला जाणारे डॉक्टर, शेती लांब असलेले बागाईतदार, कॉलेजचे प्राध्यापक आणि लग्नाआधीचे सगळे. अण्णा साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि शिफ्टला रात्री-बेरात्री मळ्यांतल्या रस्त्याने जावे लागे, हे घरात सांगितलेले कारण. आईचे म्हणणे कारण तिचा आवाज हेच होते.

या गाडीची रचना मात्र खरोखर विचार करून केलेली होती. इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, दट्ट्याचा व्यास ६५ मिलिमीटर आणि धाव ७५ मिलिमीटर. सिलिंडर एकच असूनही सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक, त्यामुळे तो भरदार ठोका ऐकू येई. साखळी पूर्ण पत्र्याच्या पेटीत बंद, म्हणजे धोतराला आणि पदराला धोका नाही, शिवाय धूळ-चिखल न लागल्याने साखळी टिकते. चाके १६ इंची, म्हणून ठेंगण्या माणसाचेही पाय टेकत. सर्वांत मजेशीर तिचा दांडा. डाव्या बाजूला गिअरचा जो दांडा, तोच आत दाबून वर वळवला की किकचा दांडा व्हायचा. गाडी सुरू झाली की परत खाली आणून त्यानेच गिअर टाकायचे. शिवाय चालत्या गाडीत गिअर बदलताना क्लच हाताने दाबला नाही तरी चाले, कारण दांडा हलला की आतली कळ क्लच आपोआप सोडवी. परक्या माणसाने गाडी पळवायची म्हटले तर किक शोधण्यातच त्याची दहा मिनिटे जात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जावाबरोबरचा करार संपला आणि त्याच कारखान्यातून त्याच गाड्या येझदी नावाने येऊ लागल्या. नाव घेतले ते इराणातल्या यझ्द शहरावरून. मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे आपण ब्रून मस्का आणि चहा घेतला त्या इराण्यांपैकी अनेकांचे मूळ गाव तेच. चेक भाषेतही याच उच्चाराचा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'तो गाडीवर जातो' असा होतो. हा योग जुळवून आणलेला की आपोआप जुळलेला, दोन्ही प्रकारे गंमतच. १९७८ मध्ये येझदी रोडकिंग आली आणि कॉलेजच्या पोरांत तिचे राज्य सुरू झाले.

ते राज्य मोडले जपानी गाड्यांनी. १९८४ ते १९८६ या अवघ्या तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० आणि पुण्याची कावासाकी बजाज या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या, आणि मिस्त्रीचे तोंड महिनोन्महिने न बघणाऱ्या. त्यापाठोपाठ १९९१ आणि १९९६ मध्ये धुराचे नियम आले, आणि टू-स्ट्रोक म्हटले की धूर आलाच. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ पासून जावा नाव पुन्हा बाजारात दिसते आणि २०२२ पासून येझदीही, पण त्या गाड्या नव्या, फोर-स्ट्रोक. जुनीचा एकही भाग त्यांना चालत नाही.

कारखाना बंद पडला तरी जुन्या गाड्या पुढे का चालत राहिल्या, हा आम्हाला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटलेला प्रश्न. उत्तर मिळाले ते पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या चोर बाजारात आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात. नवी गाडी मिळायला वर्षे लागत त्या काळात जुनी टाकून देणे कुणालाच परवडत नव्हते. म्हणून तिच्या प्रत्येक आजारावर इलाज करणारा एकेक माणूस तयार झाला. सिलिंडर झिजला की बोअर करून देणारा वेगळा, क्रँक दाबून सरळ करणारा वेगळा, डायनॅमोचे वायंडिंग करणारा वेगळा. सायलेन्सर कार्बनने भरला की मिस्त्री तो विस्तवावर जाळून साफ करी. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर हवी, ती मोजायचे साधन नसे, मग कुणी हॅक्सॉचे पाते घाली, कुणी व्हिजिटिंग कार्ड. आणि गाडी सुरू व्हायची.

आता पुन्हा सांगलीच्या अंगणात. भावाला आम्ही विचारले, गाडी आहे कशी? तो म्हणाला, "पुरात होती." ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या अंगणात पुरुषभर पाणी होते. जावा चार-पाच दिवस पाण्याखाली राहिली, पाणी ओसरल्यावर कुणीतरी तिच्यावर बादलीभर पाणी ओतले आणि ताडपत्री टाकली, झाले. इंजिन जाम. किकचा दांडा हलेना.

आम्ही आधी चूक केली ती कागदांच्या बाबतीत. गाडी दुरुस्त करायची घाई लागली आणि आरसी बुकाचा विषय मागे पडला. सुदैवाने ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघाले, जुनी रेशनकार्डे आणि अण्णांच्या पगाराच्या पावत्यांबरोबर. माळा होता म्हणून वाचले. तळमजल्यावरच्या कपाटातले सगळे कागद लगदा झाले होते. बुकाची मुदत केव्हाच संपलेली होती आणि नाव अण्णांचेच होते. कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूची खबर तीस दिवसांत आरटीओला द्यावी लागते आणि वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरावा लागतो. आम्ही ती मुदत काही वर्षांनी चुकवली होती. नंतरही काम होते, दंड पडतो आणि चकरा वाढतात एवढेच. इतर वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागते. ते इथे करायचे तर नोटरी, आणि त्यावर अपोस्टिल. एका कागदावर नावाचे स्पेलिंग आरसी बुकाप्रमाणे आणि दुसऱ्यावर पासपोर्टप्रमाणे असल्याने आम्हाला ते दोनदा करावे लागले. म्हणून सांगतो, आधी दोन्ही समोर ठेवून जुळवा.

आणखी एक. जुन्या नोंदी वहीत होत्या, त्या संगणकावर चढलेल्या असतातच असे नाही. मूळ बुक हातात असेल तर नोंद करून घेता येते. बुक हरवलेले, नोंदही नाही, अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी विकत घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. गावी गेल्यावर हौसेने जुनी जावा घेणाऱ्यांनी क्रोम बघण्याआधी चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर टॉर्च लावून वाचावा आणि बुकाशी ताडून पाहावा. आकडे वाकडेतिकडे ठोकलेले किंवा आजूबाजूचा पत्रा घासलेला दिसला तर चहा पिऊन परत यावे. जावाच्या सांगाड्यात येझदीचे इंजिन बसवलेल्या गाड्या सर्रास मिळतात. चालतात उत्तम, पण कागदावर एक आणि गाडीत दुसरे.

नेमका हाच पेच आमच्यापुढे आला. कोल्हापूरच्या ज्या मिस्त्रींकडे गाडी टेम्पोत घालून नेली त्यांनी इंजिनाकडे पाहून सांगितले, "दादा, हे खोलायचं कशाला? येझदीचं तयार इंजिन आहे माझ्याकडं. दोन दिवसांत गाडी दारात उभी करतो. हे खोललं तर दोन महिने, आणि खर्च तिप्पट." माणूस फसवत नव्हता. पुराचा गाळ क्रँककेसमध्ये घट्ट बसला होता, बेअरिंगा गंजल्या होत्या, कनेक्टिंग रॉड जाणार हे नक्की होते. आमच्यात फोनवर वाद झाला. एकाचे म्हणणे, गाडी चालल्याशी कारण, अण्णांनी स्वतः तिचे किती भाग बदलले असतील. दुसऱ्याचे म्हणणे, मग भंगारवाल्याला का नाही म्हटले? शेवटी निर्णय कायद्याने सोपा केला.

भारत सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त झालेल्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात, अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए अशी मालिका मिळते. फी नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. आमच्या गाडीचा नंबर एम-एच-१० च्या आधीचा, तीन इंग्रजी अक्षरांचा. १९८९ च्या नव्या पद्धतीने ते नंबर देणे बंद झाले. तो नंबर राहायला हवा, यावर मात्र आम्हा सर्वांचे एकमत होते. इंजिन बदलले असते तर मूळ रूपाचा दावा तिथेच संपला असता. तेव्हा खोला म्हणालो.

दोन महिन्यांचे पाच महिने झाले. क्रँकचे दोन्ही भाग दाबयंत्रावर वेगळे केले, नवा रॉड आणि नव्या बेअरिंगा घातल्या, ऑईल सील सगळी बदलली. टू-स्ट्रोक इंजिनात सीलला फार महत्त्व, हे आम्ही तेव्हा शिकलो. एका बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑईल आत ओढले जाते आणि गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडते. दुसऱ्या बाजूचे गेले तर हवा आत जाते, मिश्रण पातळ होते आणि दट्ट्या तापून जाम होतो. सिलिंडर बोअर केला. टाकीला सुईएवढी भोके होती ती झाळली. डायनॅमो पुन्हा गुंडाळून घेतला. सहा व्होल्टचे दिवे, त्यामुळे गाडी उभी असताना हेडलाइट कंदिलासारखा, वेग घेतला की उजळणार. तो तसाच ठेवला. टाकीवरच्या क्रोमवर पुराच्या पाण्याची रेघ उमटली आहे, तीही राहू दिली. सगळे चकाचक करण्याची हौस आम्हाला पटत नाही, पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मधल्या काळात एक स्वप्न आम्ही पाहिले ते सांगायला हवे, कारण ते तुम्हीही पाहाल. गाडी इकडे आणायची. ओक ट्री रोडवरून अण्णांची जावा जाते आहे, मिठाईच्या दुकानाबाहेरचे लोक वळून बघत आहेत, वगैरे. नियम त्याच्या आड येत नाहीत, उलट गाडी जितकी जुनी तितके ते सोपे. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला अमेरिकेचे सुरक्षेचे मापदंड लागू होत नाहीत, त्यासाठी एचएस-७ हा फॉर्म भरायचा. धुराच्या नियमांतून १९७८ च्या आधी बनलेल्या मोटारसायकली मुक्त आहेत, त्याचा वेगळा ३५२०-१ नंबरचा फॉर्म. गाडीच्या खालच्या भागाला परदेशी मातीचा कणही चिकटलेला चालत नाही, वाफेने धुऊन पाठवावी लागते. कृष्णाकाठच्या गाळाने न्हालेल्या गाडीला हे कसे जमणार होते कोण जाणे.

इथे उतरल्यावर न्यू जर्सीचा टायटल आणि नोंदणी. अमेरिकेत १९८१ पासून गाडीला १७ अक्षरांचा नंबर असतो, आपल्या जुन्या चासी नंबरात तेवढे आकडे नसतात, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंना शांतपणे समजावून सांगायची तयारी हवी. पंचवीस वर्षांवरच्या गाडीला क्यू-क्यूने सुरू होणारी हिस्टॉरिक पाटी मिळते, पण ती लावली की गाडी प्रदर्शनासाठी आणि शैक्षणिक कामासाठीच काढायची. चालवणाऱ्याकडे मोटारसायकलचे लायसन्स हवे आणि हेल्मेट सक्तीचे. गार्डन स्टेट पार्कवेवर जावा घेऊन जाऊ नये. अडीचशे सीसी, पन्नासच्या दशकातले ड्रम ब्रेक, आणि मागून ऐंशीच्या वेगाने येणारा ट्रक, हे समीकरण बसत नाही.

ज्यांनी गाडी आणली आहे किंवा इथलीच जुनी टू-स्ट्रोक विकत घेतली आहे त्यांच्यासाठी पेट्रोलचे दोन शब्द. या इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते, २५ भागांस एक भाग, म्हणजे अमेरिकन गॅलनला सुमारे १५० मिलिलिटर किंवा पाच औंस. आपल्याकडे पंपावर हातपंपाने टू-टी ऑईल घालून मिळे. न्यू जर्सीत तर स्वतः पेट्रोल भरायलाच बंदी, २०२३ मध्ये ओरेगॉनने मुभा दिल्यापासून असे राज्य हे एकच उरले आहे. तेव्हा ऑईल घरून मोजून न्यावे, टाकीत आधी ते ओतावे, मग भरणाऱ्याला किती गॅलन ते नेमके सांगावे. "फिल अप" म्हटले की प्रमाण बिघडले. दुसरे, इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते (भारतात आता वीस टक्के आहे). ते हवेतले पाणी ओढते, जुने रबर मऊ करते आणि टाकी आतून गंजवते. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या आणि वायसर नव्या जातीचे घालावेत आणि हिवाळ्यात टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. डिसेंबरपासून रस्त्यावर मीठ पडते, ते धुऊन निघेपर्यंत गाडी गॅरेजमध्येच बरी. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑईल सिलिंडरमध्ये सोडावे आणि किक दोनचारदा हलक्या हाताने फिरवावी. बॅटरीचा चार्जर सहा व्होल्टवर लावला आहे ना ते दोनदा पाहावे. बारावर लावून बॅटरी उकळवण्याचा मान आमच्या एका मित्राला मिळालेला आहे.

आम्ही गाडी आणली नाही. खर्च हे एक कारण, पण खरे कारण उद्यमनगरचे मिस्त्री. इथे पॉइंट घासून देणारा, सील ओळखणारा, कानाने इंजिनाचा रोग सांगणारा माणूस आयसेलिनमध्ये कुठे शोधायचा? यूट्यूबवर सगळे आहे म्हणतात. असेल. आमच्या हाताला ते येत नाही आणि आमच्या मुलांना त्यात रस नाही. गॅरेजमध्ये स्नो ब्लोअरशेजारी ती पुन्हा ताडपत्रीखालीच गेली असती.

मग गाडी पुतण्याच्या नावावर झाली. तेवढ्यात त्याने नवाच मुद्दा काढला. व्हिंटेजचा दाखला घेतला तर गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला एवढीच बाहेर काढता येते. रोजच्या वापराला बंदी. "काका, मला ती मिरजेला कॉलेजला न्यायची आहे. रॅली वर्षातून एकदा." म्हणजे ज्या नियमाचा आधार घेऊन आम्ही इंजिन वाचवले तो दाखला घ्यायलाच तो तयार नव्हता. आम्ही दोन दिवस रागावलो. मग लक्षात आले की अण्णांनीही तेच म्हटले असते. गाडी साध्या पद्धतीने, तपासणी करून, पर्यावरण कर भरून पुन्हा नोंदली. पाच वर्षांनी परत तपासणीला न्यायची. जुना नंबर कायम आहे.

ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा इथे पहाट होती. पुतण्याने फोन सायलेन्सरजवळ धरला. चार किका वाया गेल्या, मिस्त्री मागून काहीतरी ओरडले, पाचव्या किकला ठोका लागला. आमच्यातल्या एकाने स्वयंपाकघरात उभे राहून तो ऐकला आणि कॉफी उतू गेली. घरातल्या मुलांनी विचारले, कसला आवाज आहे हा?

मंडळाच्या पुढच्या अंकात अशा गाड्यांची एक यादी छापायचा विचार आहे. ज्यांच्या घरी आरसी बुक सापडेल त्यांनी पहिल्या पानाची झेरॉक्स, नाव आणि पत्ता झाकून, संपादकांकडे द्यावी. गाडी कोणती, साल कोणते आणि सध्या कुठे उभी आहे एवढे पाठीमागे लिहावे. बुक सापडत नसेल त्यांनी या डिसेंबरात गावी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक आधी उघडावी.